हात धुण्यापूर्वी

उस्ताद, माझ्या पत्नीला जाऊन दोन महिने झाले. घरी येणाऱ्या माणसांना मी योग्य ती उत्तरे देतो. परंतु जे सांगायचे राहिले आहे, ते ऐकून घेण्याचा अधिकार मला केवळ आपला वाटतो. आणि आपण तर केव्हाच गेलात.

पोलीस ॲक्शनला दहा-बारा वर्षे लोटली होती. बी.ए. होऊन कारकुनीच्या नेमणुकीची वाट पाहणारा मी, घरच्यांच्या नाराजीवर पाय देऊन आपल्या हाताखाली सेंट्रिंगचे आणि सळ्या बांधण्याचे काम शिकू लागलो. माझे नाव आपण कधी घेतलेच नाही. “छत का बोझा पेट पे, छज्जे का पीठ पे. समझा क्या, बीए?” एवढ्या एका वाक्यात आपण मला सांगितले होते की स्लॅबची मुख्य सळई तळाशी असते, भिंतीतून बाहेर झेपावणाऱ्या छज्ज्याची मात्र वरच्या अंगाला, ती खाली दबली तर छज्जा स्वतःच्याच वजनाने मोडतो. आपला आणखी एक दंडक होता. काँक्रीट ओतून झाले की हात धुण्यापूर्वी प्रत्येकाने त्या दिवसाची आपली चूक सांगायची. माल ओला आहे तोवर सारे दुरुस्त होते, असे आपण म्हणत असा.

औरंगपुऱ्यातल्या त्या दुमजली घराचा छज्जा गल्लीवर येणार होता. माल ओतला जात असताना माझा पाय घसरला आणि भिंतीलगतच्या सळ्यांवर पूर्ण भाराने पडला. सळ्या खाली गेल्या. त्यांच्यावर काँक्रीट मिटलेले मी पाहिले. इतर कोणी पाहिले नाही. संध्याकाळी आपण पाण्याच्या पिंपाशी उभे आहात. घमेली वाहणारी मावशी म्हणते, “माझं एक घमेलं लई पातळ व्हतं, उस्ताद.” कोणीतरी म्हणते, “मावशीची आमटीबी तशीच असती,” आणि सगळे हसतात. मग आपण माझ्याकडे वळता. “बीए?” मी म्हणतो, “काही नाही, उस्ताद.” आणि हात धुतो.

छज्ज्याखालच्या टेकूच्या बल्ल्या तीन आठवड्यांनी काढायच्या होत्या. तोपर्यंत नेमणुकीचे पत्र येईल आणि मी येथे नसेन, असा हिशेब मी केला होता. तो आज लिहितानाही मला लाज वाटते. रोज मी त्या छज्ज्यावर पाणी मारीत असे. खाली बल्ल्यांच्या मधल्या सावलीत मावशी भाकरी खात बसे. पत्र आले नाही. ठरल्या दिवशी आपण मावशीला बाजूला व्हायला सांगितले, स्वतः टोकाच्या बल्लीखाली वाकलात आणि पाचरीवर हातोडा उगारलात.

“उस्ताद, थांबा. सळ्या दबल्या आहेत. माझा पाय पडला होता.”

“कब?”

“ओतला त्याच दिवशी.”

आपण हातोडा खाली घेतलात. प्रथम बोलली ती मावशी. “व्हय रं बीए, म्या रोज हितं बसून भाकर खाल्ली. वरून पानी मारताना म्या दिसत नव्हते व्हय तुला?” आपण फार हळू आवाजात म्हणालात, “पाँव तो मेरा बी पडता. पर मैं पूछा, तो तू मेरे मुँह पे बोला, कुछ नहीं.” मग छिन्नी माझ्या हातात दिलीत. “तोड. अपने हात से.”

तोडायला दोन दिवस लागले. सळ्या तळाच्या फळीला टेकलेल्या निघाल्या. आपण मला काढून टाकले नाही. पुढे नेमणुकीचे पत्र आले, तेव्हा मीच गेलो नाही. आयुष्यभर बांधकामातच राहिलो आणि कामावरची चूक पुन्हा कधी लपवली नाही. ही हकीकत मी लग्नानंतर पत्नीला सांगितली होती. तेव्हापासून तिने माझ्या शब्दावर कधी शंका घेतली नाही.

गेल्या वर्षी पत्नीला तपासल्यावर डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावले. फार तर चार महिने, असे ते म्हणाले. बाहेर बाकावर ती बसली होती.

“काय म्हणाले हो?”

“विशेष काही नाही. अशक्तपणा आहे.”

“मग पैठणला ताईकडे जाऊन येऊ का? किती वर्षांचा अबोला आहे. मीच मिटवून टाकते.”

“बरी झालीस की जा.”

त्यानंतर प्रत्येक तपासणीनंतर तिने तेच विचारले आणि मी तेच सांगितले. तिची बहीण आली ती तेराव्याला. दारातच तिने मला विचारले, “भावजी, तुम्हाला ठाऊक होतं?” मी होय म्हणालो. ती आत आली नाही.

आपल्याला देवनागरी वाचता येत नसे आणि मी उर्दू लिहायला शिकलो नाही. हे पत्र कोठेही जाणार नाही, हे ठाऊक आहे म्हणूनच उरलेले लिहितो. अखेरच्या महिन्यात तिने विचारणे सोडून दिले. उस्ताद, तेव्हा मला हायसे वाटले होते.