सोवळ्यातले छत्तीस रुपये

फाल्गुन व. ४
दुपारी दवंडी. नेमकी आमच्या दारासमोर थांबून ह्यांचं नाव, पुढे 'थकबाकीदार'. साऱ्या कळंबनं ऐकलं. पाट्यावर वाटण तसंच राहिलं. मागोमाग नोटीस: शेतसारा रु. ३६, वर चौथाई दंड ९. न भरल्यास म्हैस जप्त.
छत्तीस मी पौषातच तलाठ्याच्या हातात दिले आहेत! (यापुढे नुसता 'त.'. त्याच्यावर जास्त शाई घालवणार नाही.)

फा. व. ५
वही काढली. 'सारा ३६, त. कडे', पौष व. ४. दिले मात्र आदल्या दिवशी. मामंजींचं श्राद्ध, मी सोवळ्यात, ब्राह्मण पानांवर बसायचे, आणि हा दारात उभा. रुपये वरून त्याच्या ओंजळीत सोडले. पावतीपुस्तक फडताळात, शिवले असते तर पुन्हा नहाणं. म्हणाला, "असू दे वहिनी, पुस्तक मागून पाठवा." दुसऱ्या दिवशी पाठवलं तर हा गावाला गेलेला. मग माझ्याकडून राहिलं.
चांदीचा रुपया सोवळ्यात चालतो, कागद चालत नाही. त्याला हे पक्कं ठाऊक.

फा. व. ६
चावडीवर गेले. चारचौघांत म्हणतो, "वहिनी, स्वप्नात दिले असतील."
हसले सगळे. कोण कोण हसलं ते लक्षात ठेवलं आहे.

फा. व. १०
हे मुंबईहून आले. अब्रूला भिऊन छत्तीस पुन्हा भरले. पावती घेतली. म्हैस वाचली. दंडाचे नऊ शिल्लक. "तेही भरून टाकू, गप्प बस." गप्प बसले नाही. दंडमाफीचा अर्ज मी लिहिला, सही ह्यांची. शेवटची चार वाक्यं ह्यांनी खोडायला लावली. नव्या कागदावर पुन्हा लिहिलं, त्यातली दोन ठेवली.
देवीला बोलले: दंड सुटला तर नारळ. त. ची नोकरी सुटली तर साडीचोळी.

चैत्र शु. २
बायजी ठाकरीण आली. श्राद्धाच्या दिवशी पळसाची पानं हिनेच आणली होती. विचारलं, "तुला काही आठवतं का गं?"
"आटवतं ना बाय. त्यो रुपयं मोजीत व्हता, मी पानां मोजीत व्हती. माझी दोन कमी भरली, त्याचं बरोबर भरलं."
तिला पायलीभर तांदूळ दिले. साक्षीसाठी नव्हे, हे देवासमोर लिहिते.

चै. शु. १०
कर्जत, मामलेदार कचेरी. पहाटे गाडी जुंपली. हे बोलता बोलता अडखळले, म्हणून मीच बोलले. कारकून वही चाळून म्हणतो, "बाई, वही तुमची, शाई तुमची, तारीखही दुसऱ्या दिवसाची."
मी म्हटलं, "खोटं लिहायचं असतं तर तारीख बरोबर घातली असती."
मामलेदारांनी मान वर केली. आठ दिवसांनी या म्हणाले.

चै. व. २
निकाल असा: 'पुस्तक वेळेवर न दिल्याने घोटाळा झाला, तलाठ्याविरुद्ध तक्रार नाही' असं लिहून दिलं तर दंड माफ. नाही तर चौकशी. ती संपेतो दंड कायम, आणि शाबीत झालं नाही तर खोट्या तक्रारीचा ठपका ह्यांच्यावर. मुदत व. ७ पर्यंत. ह्यांनी सही केली. रुपये तुमच्या हातचे, तक्रारही तुमच्या तोंडची, तुमचीही सही लागेल, असं मामलेदार मला म्हणाले. कागद घरी आणला.
म्हणजे नऊ सुटले, छत्तीस त. च्या घशात.

चै. व. ४
बायजीला त. नं दम भरला: रानात लाकूड तोडताना धरून देईन. मला वाटलं, फिरली. तर म्हणते, "आंगठा कुटं लावू ते सांग. मी रानात जायची ती जायचीच."

चै. व. ६
चैत्रगौरीचं हळदीकुंकू. त. ची बायको आली. सवाष्ण, दारातून परत कशी पाठवू? डाळ, पन्हं दिलं, ओटी भरली. तिच्या हातात एकेक काचेची बांगडी, बाकी काही नाही. छत्तीस रुपये त्या घरात तरी पोचलेले दिसले नाहीत. हळूच म्हणाली, "वहिनी, सही करा हो. चार पोरं आहेत."
"दवंडी झाली तेव्हा तुम्ही ऐकलीत?"
खाली बघून म्हणाली, "ऐकली."
मी पन्हं पुन्हा वाढलं.

चै. व. ७
पूजा झाली. तो कागद माझ्या सहीवाचून देवाच्या पाटाखालीच ठेवला. गाडीवान बाहेर हाका मारतो आहे, बायजीही येऊन बसली आहे. तिच्या अंगठ्यासाठी दौत पदराआड घेतली.
नारळ कालच आणून ठेवला. बाजारातून येताना साडीचा भावही विचारून आले.