पोलादी तारेचं पार्सल

१२ मार्च

चिमणे,

तुझं पत्र मिळालं. गुडघा बरा आहे, गोळ्या वेळेवर घेते, जिना सावकाश चढते. तब्येतीचं झालं. आता ऑफिसातली एक गंमत सांगते.

माल परदेशी निघण्याआधी घेणाऱ्याचं नाव निर्बंधांच्या यादीत तपासणं हे माझं काम. मध्यंतरी पोलादी तारेचं एक पार्सल अडलं. घेणाऱ्याचं नाव यादीतल्या एका शस्त्रांच्या दलालाशी अक्षरन् अक्षर जुळत होतं. साहेब म्हणाले, "सरळ नाही म्हणून कळवा. चुकलं तर परवाना जाईल."

मी म्हटलं, "आधी विचारू तरी."

घेणाऱ्यांनाच फोन लावला. जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचं नाव, स्थळ बघताना विचारतात तसं सगळं विचारलं. घरी कोण कोण असतं, हे कामाचं नव्हतं. तेही विचारलं. एकटेच असतात.

"आजवर सगळ्यांनी नुसतं नाही म्हटलं," ते म्हणाले. "विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"तार कशाला हवी?"

"ऐका." फोन बाजूला ठेवून ते पियानो वाजवायला लागले. मधेच सूर गायब, नुसती खटखट. "शाळेचा पियानो आहे. आतल्या तारा तुटल्यात. दुरुस्तीला आलाय माझ्याकडे."

मला हसू आवरेना.

कागद आले, शाळेकडूनही खात्री करून घेतली. यादीतला माणूस भलताच निघाला, वयाने बराच लहान. साहेबांनी सही केली. पार्सल सुटलं, फोन मात्र चालूच राहिले.

गेल्या महिन्यात ते इथे येऊन गेले. तुझ्या बाबांच्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "यांच्याबद्दल सांगा ना." मी संध्याकाळभर सांगत बसले. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं गं.

आम्ही लग्न करतोय. आडनाव मात्र बदलू नका म्हणतात, नाहीतर प्रत्येक विमानतळावर अडकाल.

हे लिहायला किती कागद फाडले, विचारू नकोस. फोनवर तुझा आवाज ऐकला की धीर होत नव्हता. तू नाही म्हणालीस तरी मी लग्न करणार आहे, चिमणे. पण तू येऊन शेजारी उभी राहिलीस, तर मान वर करून करीन.

तुझीच, आणि तुझीच राहणारी,
आई