ओढ्यापलीकडचं आवतन

आत्याबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नाही, म्हणजे आपली जोडी बरी आहे. दुसरीतून काढून घरी बसवलेल्या बाईची ही अक्षरं. तुम्ही पाहिली असती तर म्हणाला असतात, "कागदावर कोंबडी फिरवली का वं?" म्हणा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचं बोलणं आता टोचत नाही. पण माया दाटून आली म्हणून लिहायला बसले असं समजू नका. भ्यायले आहे, म्हणून बसले.

परवापासून पंचायतीपुढे वीटभट्टीवरची माणसं बसली आहेत. लांबच्या मुलखातली आहेत, आपली बोली त्यांना येत नाही. नळाचं पाणी, रेशनचं कारड आणि लेकरांना शाळा, एवढंच मागतात. गाव म्हणतं, काल आले अन् आज कारड मागतात. थोरल्या नातवानं काल दाराआडची काठी काढून तिला तेल लावलं. मी पाहते आहे हे दिसल्यावर हसला आणि म्हणाला, "आजी, तू मंधात पडू नको बरं. आपल्या घराले खोड हाय ती." ती खोड गाव अजून सांगतं. एका सासूनं अन् तिच्या सुनेनं, म्हणजे तुम्ही अन् मी, तलावाच्या कामावरच्या परक्या लोकांना मारुतीच्या पंगतीत बसवलं, म्हणे. तेच ऐकून आज सकाळी भट्टीवरच्या दोन बाया माझ्या दारात आल्या. एकीच्या कडेवर लेकरू. "माँजी, आप साथ चलो, आपका गाँव सुनेगा," म्हणाल्या. उद्या न्यायला या म्हणून मी त्यांना वाटेला लावलं, आणि हा कागद काढला. कारण गाव सांगतं ते तसं नव्हतं.

महाराष्ट्र होऊन दोनतीन वर्षं झाली असतील. माझ्या लग्नाला सहा महिने. ओढ्यापलीकडे तलावाचं काम निघालं होतं आणि त्यावर तेलंगी बोलणारी माणसं आणली होती, चाळीसेक पालं. बाया आपल्यापेक्षा उंच, पदर कमरेला घट्ट, डोक्यावर मातीची टोपली घेऊन पळायच्या. गुरं धुतात त्या ओढ्याचंच पाणी ते प्यायचे. त्यांचं एक लेकरू हगवणीनं गेलं. मग त्यांनी काम सोडलं आणि सगळ्या बाया रिकाम्या घागरी घेऊन सिंदखेडला कचेरीवर चालत गेल्या, दिवसभर उन्हात बसल्या. साहेब म्हणाला, तुम्ही या गावात राहता असं पंचायतीनं लिहून द्यावं, मग पाण्याचं अन् रेशनचं पाहू. पंचायत म्हणाली, आमच्या गावात तुम्ही नाहीच. वर विहिरीवरची गराडी, दोर फिरतो ते चाक, काढून चावडीत ठेवून दिली, की त्यांचा दोर चालूच नये. त्या गराडीवाचून आपल्याच तळहातांची सालं निघाली. आपण बाया वाकून वाकून पाणी शेंदायचो, पण कोणी ब्र काढला नाही. तुम्हीही नाही. मी तर त्यांना भीतच होते. बाया सांगायच्या, कडब्याच्या गंज्या पेटवतील, पोरी उचलून नेतील. दुपारी पलीकडून त्यांच्या बोलण्याचा आवाज आला तरी मी कडी लावायची.

अशात पौषातला मारुतीचा भंडारा आला. चूलबंद आवतन. त्या दिवशी गावच्या शिवेत एकही चूल पेटायची नाही, सगळ्यांनी देवाच्या दारात जेवायचं. दारोदार जाऊन चुलीच्या कडेला कुंकवाच्या अक्षता ठेवायच्या, हा मान आपल्या घराचा. तुमच्या सासूनं केलं, तुम्ही केलं. त्या साली तुमच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, म्हणून ताट माझ्या हातात दिलंत. "सगळ्या चुली घे," म्हणालात, "एक बी सुटली नाही पायजे." आणि मी ओढा ओलांडून चाळीसच्या चाळीस पालांत अक्षता ठेवून आले. तीन दगडांच्या चुली त्या. एक बाई नुसती बघत राहिली. एक म्हातारा होता, त्याला थोडी हिंदी यायची. त्यानं विचारलं, "किसको बुलाया?" मी म्हणाले, "सबको. कल चूल बंद." त्यानं अक्षता उचलून धोतराच्या गाठीत बांधल्या. मी नवीन, गाव कुठे संपतं मला ठाऊक नव्हतं, धूर दिसला तिथे चूल समजले. पुढे मी सगळ्यांना हेच सांगितलं आणि सगळ्यांनी ते मानलं. घरी आले तर तुम्ही आधी माझ्या पायांकडे पाहिलंत. घोट्यापर्यंत गाळ होता. "पाय धू," एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाराजवळ गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणकेचे रोडगे भाजणं चाललं होतं. पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं ठाऊक नाही. माणसं एकेक करून ओढ्याकडे बघायला लागली. पलीकडे धूर नव्हता. रोज त्या वेळेला चाळीस चुलींचं धुपट असायचं, त्या दिवशी आभाळ पुसून काढल्यासारखं. कोणी म्हणालं, "गेले वाटते, पीडा गेली." मला मात्र कळलं. माझ्या हातातली परात कलंडली. आणि मग ते दिसले. पायवाटेनं रांगेत येत होते, धुतलेले कपडे, बाया पुढे, हातात जर्मन धातूच्या थाळ्या. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. चाळीस घरांची माणसं अन् नुसता पावलांचा आवाज. आपल्या बाप्यांनी काठ्या घेतल्या. सरपंच पाराच्या कडेला येऊन उभा राहिला. "कोनं बलावलं तुम्हाले?"

म्हाताऱ्यानं धोतराची गाठ सोडली आणि तळहातावर लाल तांदूळ पुढे धरले.

त्या अक्षता कोणाच्या ताटातल्या हे गावातल्या शेळीला सुद्धा कळलं असतं. सगळ्या माना आपल्याकडे वळल्या. मी रोडग्यांच्या ढिगाआड बसले होते. खोटं सांगत नाही, लुगड्यात होते की काय असं झालं होतं. आता गाव मला तोडून खाईल, आणि आपल्या घरचे मला गाडीत घालून माहेरी सोडतील. माहेरी तर आईही उरली नव्हती. तेवढ्यात तुम्ही उठलात. टाच टेकत नव्हती, तरी चालत मधोमध गेलात.

"म्याच धाडलं तिले," तुम्ही म्हणालात.

"ओढ्यापलीकडं?" सरपंच म्हणाला. "बुढे, याड लागलं का तुले?"

"चूल तं हाय ना तिथं? धुपट रोज माह्या अंगनात येते, माह्या वाळवनावर बसते. चाळीस चुली धगधगत ठेवून चूलबंद कराचं अन् मारुतीले सांगाचं का गाव उपाशी हाय? देव आंधळा हाय का तुह्यासारखा?"

"ते गावातले नाईत."

"तू उभा हायेस त्या पाराचे दगड कोनं फोडले रे? तुह्या बापानं?"

कोणीतरी खुसकन हसलं, आणि सरपंचाच्या पुतण्यानं काठी वर केली. "हट म्हातारे," म्हणाला. तुम्ही हटला नाहीत. तिथल्या तिथे खाली बसलात, मांडी घालून, त्या तेलंगी बायांच्या रांगेत, अन् ओरडलात, "वाढ वं!"

ते मला होतं. एका अंगाला आपल्या काठ्या, दुसऱ्या अंगाला ती मुकी माणसं, आणि मधून टोपलं घेऊन मी. वीस पावलं असतील. कोणाची काठी कुठून येईल म्हणून मी मान आत ओढून चालले होते, कासवासारखी. पहिला रोडगा त्या बघत राहिलेल्या बाईच्या थाळीत टाकायला गेले तर तो हातातून सुटला आणि राखेत गडगडत गेला. आणि तुम्ही बसल्या जागेवरून म्हणालात, "हात हायेत का खुरपं?"

आधी बाया हसल्या. मग बाप्ये. त्या तेलंगी बाईला कळलं काहीच नाही, पण तीही हसली, आणि राखेतला रोडगा उचलून, फुंकून, तिनं थाळीत ठेवला. पुतण्याची काठी खाली आली.

लोक सांगतात तसं सगळं गाव काही एका पंगतीत जेवलं नाही. निम्मं गाव न जेवता घरी गेलं आणि दुपारी त्यांच्या चुली पेटल्या. पंचायतीनं कागद लिहून दिला नाही तो नाहीच. पण चारेक दिवसांनी गराडी विहिरीवर परत लागलेली दिसली, कोणी लावली ते कोणी विचारलं नाही. तलाव होईस्तोवर ते लोक ते पाणी प्यायले, मग पुढच्या कामावर गेले. आवतनाचा मान मात्र आपल्या घरातून गेला तो गेलाच. ताट दुसऱ्या घरी पोचतं करायला तुम्ही स्वतः गेलात. मिठाच्या खड्यावरून बोलणाऱ्या तुम्ही, पण त्यावरून मला कधी बोलला नाहीत. फक्त त्या दिवशी घरी येताना, लंगडत, माझ्याकडे न बघता विचारलंत, "ओढा दिसला नाही का तुले?" मी म्हणाले, "नाही." तुम्ही म्हणालात, "हं."

त्या "हं"वर मी आयुष्य काढलं. पायांचा गाळ तुम्ही आदल्या दिवशीच पाहिला होता. वाटलं असतं तर लगेच माणूस पाठवून आवतन मागे घेता आलं असतं. घेतलं नाहीत. काऊन घेतलं नाही, आत्याबाई? ते गेलेलं लेकरू तुमच्याही मनात होतं का, की सुनेचं झाकायचं होतं?

उद्या त्या दोघी येतील. त्यांना वाटतं मी तुमच्यासारखी आहे. गेले तर पुढे माझाच नातू काठी घेऊन उभा असणार, आणि "वाढ वं" म्हणणारं कोणी नाही. न गेले तर ते कडेवरचं लेकरू. चपला उंबऱ्याशी काढून ठेवल्या, मग पुन्हा आत नेल्या, मग पुन्हा ठेवल्या. हा कागद कुठे घालावा तेही कळत नाही. चुलीत टाकला असता, पण आता घरात गॅस आहे. पिठाच्या डब्याखाली ठेवते, तिथे सुना हात घालत नाहीत.

भंडाऱ्याच्या आदल्या सकाळी आपल्या अंगणात दहा बाया डाळ निवडत होत्या. माझ्या हातून सूप सांडलं. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "हात हायेत का खुरपं? हिच्या मायनं हिले खायाचंच शिकोलं." बाया हसल्या. माझ्या आईला जाऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. दुपारी तुम्ही ताट माझ्या हातात दिलंत, आणि मी ठरवलं की उद्या गावासमोर तुमची मान खाली जावी, हे ताट तुमच्या घरातून जावं. ते लोक, त्यांचं पाणी, त्यांचं लेकरू, यांतलं काहीही माझ्या मनात नव्हतं. ओढा दिसला होता, आत्याबाई. लुगडं खोचून, ताट उंच धरून, दगड बघत बघत उतरले होते मी.