शेजारचा साचा

लालबाग, मुंबई
ता. १२ जानेवारी १९६१

सौ. सुगंधा हिला धोंडूचे अनेक आशीर्वाद, विशेष.

कुळथाची पिठी पोचली. तुझ्या लाडक्या भावाने, दत्तूने, पहिल्याच दिवशी अर्धी फस्त केली आणि वर तायच्या पिठीवर पहिला हक्क माझा, असं मलाच ऐकवलं.

आता हसू नको, नीट वाच. आमच्या गिरणीत नवे साचे, म्हणजे कापड विणायचे माग, आलेत. धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी कांडी आपोआप बसते. धागा तुटला की साचा आपणहून थांबतो. माणसाने धागा जोडायचा आणि दांडा ओढायचा, बस. आजवर एका माणसाला दोन साचे होते, आता सोळा. आठांचं काम एकाने करायचं! चाचण्या होऊन आमच्या आठांतले सहा गळाले. उरलो मी आणि दत्तू, आणि आमच्यातला एकच राहणार.

त्याला मुंबईस आणून साच्यावर उभा केला तो मीच. आता एका खोलीत एकमेकांकडे पाठ करून जेवतो. जत्रेत भराडी आईला माझ्यासाठी गाऱ्हाणं घाल. तो तरणा आहे, त्याला दुसरीकडे काम मिळेल. मला ह्या वयात कोण दारात उभं करणार? त्याच्या बायकोला, विमलेला, काही कळू देऊ नको.

माया राहू दे.
धोंडू


मसुरे
ता. २१ जानेवारी १९६१

सेवेशी सौ. सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं, आणि त्याच पोस्टमनने दत्तूचंही दिलं. त्यातही तेच! ताय, माझ्यासाठी गाऱ्हाणं घाल, भावोजींना कळू देऊ नको. एका खोलीत बसून एकाच बाईला चोरून पत्रं लिहिता, लाज कशी वाटली नाही दोघांना? पोस्टमनसुद्धा हसला.

विमलेला सातवा लागलाय. वायंगणाच्या, उन्हाळी भाताच्या, शेतात माझ्या शेजारी वाकून लावणी करते आणि विचारते, त्यांचं तिकडे बरं चाललंय ना? मी मान वर न करता हो म्हणते. तुमच्यासाठी मागितलं तर तिच्या चुलीत पाणी, तिच्या घोवासाठी मागितलं तर माझ्या. ओटी मी भरीन, पण तोंडाने काय बोलू ते तुम्हीच सांगा.

एवढंच मागते, हरा नाही तर जिंका, पण लबाडी करू नका. माझं माहेर शेताच्या दोन मेरांपलीकडे आहे. मला रोज त्यांच्यात वावरायचं आहे.

जिवाला जपा, आणि त्यालाही जपा.
सौ. सुगंधा


लालबाग, मुंबई
ता. १४ फेब्रुवारी १९६१

सौ. सुगंधा हिला अनेक आशीर्वाद, विशेष.

निकाल लागला. मी राहिलो, दत्तू गेला. आजच्या बोटीने निघालाय.

काय घडलं ते माझ्याकडून ऐक. चाचणीच्या शेवटच्या दिवशी आम्ही शेजारशेजारच्या रांगांत होतो, खात्याचा मास्तर पारखायला मध्ये उभा. खरं सांगायचं तर दत्तूच माझ्यापेक्षा चपळ चालला होता. इतक्यात त्याचा एक साचा थांबला, नेमका माझ्या पाठीशी. तो पार दुसऱ्या टोकाला वाकलेला. आमच्यात कुणी पाणी प्यायला गेला तर शेजारचा त्याचे साचे बघतो, सांगावंसुद्धा लागत नाही. इतकी वर्षं मी त्याचे बघितले, त्याने माझे. माझा हात गेला गो! धागा जोडला, दांडा ओढला, साचा सुरू. मग भान आलं.

मास्तर हसला. म्हणाला, ह्याला आपले सोळा सांभाळून हात मोकळा राहतो आणि त्याला दुसऱ्याचा हात लागतो. झालं, संपलं. मी हातापाया पडलो, त्याने मला बोलावलं नव्हतं, चूक माझी आहे, असं परोपरीने सांगितलं. कोण ऐकतो?

देवीशपथ, मुद्दाम नाही केलं. दुसऱ्या कुणी नाही तरी तू विश्वास ठेव.

धोंडू


मसुरे
ता. २ मार्च १९६१

सेवेशी सौ. सुगंधाचा नमस्कार. वि. वि.

दत्तू आला. भर अंगणात, विमलेसमोर, चार शेजाऱ्यांसमोर म्हणाला की भावोजींनी मास्तरच्या डोळ्यांदेखत माझ्या साच्याला हात घातला, मला नालायक ठरवायला, मुद्दाम. विमलेने त्या दिवसापासून माझ्या घरचं पाणी तोडलंय. तिच्यासाठी पेज नेली, ती पडवीत तशीच राहिली आणि कुत्र्याने खाल्ली.

जत्रेत ओटी भरली. कुणासाठीच काही मागितलं नाही. मागच्या बायकांनी ढकललं तशी पुढे गेले.

तुमचा हात आपसूक गेला म्हणता. तुमच्याबरोबर संसार केलाय, तुमचा हात मला ठाऊक आहे. पण हा माझा पाठचा भाऊ, रडून सांगतो. मी कुणाचं खरं मानू? एकाचं खरं तर दुसरा खोटा, आणि दोघेही माझेच. यंदा मे महिन्यात गावी येऊ नका. आलात तर मी कोणत्या अंगणात उभी राहू?

राग आहे, पण तब्येत सांभाळा.
सुगंधा


मालवण
ता. १० मार्च १९६१

ती. भावोजींस दत्तारामाचा सा. नमस्कार. वि. वि.

ह्या पत्र पोस्टात उभो रवान लिवतंय, घरात लिवूक जमना नाय.

माका ठावक आसा, तुमी मुद्दाम करूक नाय. तुमचो साचो थांबलो आसतो तर माझोय हात गेलो आसतो. ता माका बोटीत बसायच्या आदीच समाजला.

पण घराक इलंय आणि विमलान इचारल्यान, तुमका कोणी काढल्यान? काय सांगू? साच्यान काढल्यान म्हणान सांगू? तेका ना तोंड, ना कान. ती गाळी कोणाक घालतली? मास्तराक तिना बघूक नाय. गिरणीच्या शेटीक तर मीयाच कधी बघूक नाय. तुमका ती वळखता. तुमचा नाव तोंडात इला आणि माका बरा वाटला, भावोजी. खराच बरा वाटला. गाव माझ्या बाजून झालो. कोण माका नालायक म्हणत नाय.

आता ता परत गिळूक माका जमाचा नाय. विमलाचे दिवस भरत इलेत, तिच्यासमोर खोटो ठरलंय तर माका घरातय जागा नाय. तायक काय सांगूचा ता तुमी ठरवा. ती माझ्या तोंडाकडे बघता आणि मी मान फिरवतंय.

राग काढूक माणूस लागता, भावोजी. माका तुमीच गावलास.

तुमचो म्हणूचो हक्क रवलो काय, ठावक नाय.
दत्ताराम