नाव नसलेली ओळ

सोमवार, ४ नोव्हेंबर २०१३, स्फॅक्स

लागली बाई नोकरी एकदाची! म्हणून ही नवी वही. पहिल्या पानावर झोकात नाव टाकलंय: दुर्साफ. ऑलिव्ह तेल तपासायच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर सांभाळायचे, घरापासून दहा मिनिटांवर. दुपारी पळत जाऊन बाबांना गरम शोरबा वाढता येईल. दृष्टी गेल्यापासून ते दिवसभर एकटे असतात, तोच जिवाला घोर होता.

तपासणीच्या यंत्राला जोडलेला कॉम्प्युटर बारा वर्षांचा. त्यावरची फायरवॉल, म्हणजे दारावरचा राखणदार, त्याहून जुनाट. सुरू होताना रोज अडते, म्हणते, यादी वाचता येत नाही. नवा घ्या म्हटलं, तर मालक सी शाज़ली, म्हणजे शाज़लीसाहेब, म्हणाले, यंत्र दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलतच नाही, आणि हंगाम तोंडावर आलाय. ठीक आहे. असली कैक खोडं मी वठणीवर आणलीत.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

सकाळी यंत्रं चालू करायचं काम चहावाल्या खाला मबरूकाचं. फायरवॉल पाचव्या खेपेला उठली आणि तिने विचारलं, कुणीतरी आत येऊ पाहतंय, नाव नाही, घेऊ का? खालाने 'नको' दाबलं. पुन्हा तेच, पुन्हा 'नको'. तीनदा झालं आणि थांबलं. खाला म्हणाली, पोरी, जो नाव सांगत नाही त्याला घरात घेतात का? तीनदा विचारतो, जातो बिचारा. मला हसू आवरेना.

रात्री बाबांना सांगितलं, तर त्यांना खालाचंच पटलं. लहानपणी दार वाजवून मी नुसतं "मी" म्हटलं की ते उघडत नसत. 'मी' तर कुणीही असतो, म्हणायचे. नाव सांगेपर्यंत बाहेर उभी!

गुरुवार, ७ नोव्हेंबर

सापडलं! यादीत कुणाकुणाला दाराबाहेर ठेवायचं ते लिहिलंय. सतराव्या ओळीत नावच नाही, नुसतं 'बाहेर'. गाडी तिथेच अडखळते. ओळ पुसली तर परत येते. मग रिकाम्या जागी हाताला आलं ते टाकलं: दुर्साफ. बघू, पटतं का. आणि काय सांगू, पहिल्या झटक्यात सुरू! खाला मात्र तोंड फिरवून गेली. म्हणाली, स्वतःचं नाव कशाला घातलंस गं? मी मनात म्हटलं, जळतात मेले लोक.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

एकही प्रश्न न विचारता सुरू झाली. सी शाज़लींनी खुशीत खजुराचे गोड मक्रूद वाटले. बाबांसाठी दोन आणले, तर ते म्हणाले, सकाळी दहाला आलीस तेव्हा का नाही दिलेस? इतकी गप्प का होतीस? मी दहाला कुठे आले होते! वय झालंय त्यांचं.

सोमवार, ११ नोव्हेंबर

दुपारी बाबा जेवेनात. पोट भरलंय, किती वेळा वाढशील, म्हणून चिडले. मोरीत दोन वाडगे धुऊन पालथे घातलेले होते. बाबांना मोरीपर्यंत जाता येत नाही.

शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, थट्टा करतेस का, दहाला जिन्यात तूच तर भेटलीस.

मला भीती वाटते आहे. लिहून टाकते, म्हणजे कमी होईल.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

फायरवॉलची नोंदवही उघडली. शुक्रवारपासून रोज दहाला: आत आला. कोण, ते नाही. सतराव्या ओळीत तेवढं: दुर्साफ, बाहेर.

घरी गेले तर बाबा उगाचच हसत होते. म्हणाले, आज हात किती गार गं तुझे. मी त्यांना हातही लावला नव्हता.

बुधवार, १३ नोव्हेंबर

दहाच्या आधीच घरी पळाले. आतून कडी. दार बडवलं, नाव सांगितलं. बाबा आतून ओरडले, लाज नाही वाटत आंधळ्याला फसवायला? दुर्साफ इथे माझ्या शेजारी बसलीये. आणि आत कुणीतरी — माझ्यासारखंच — खोकलं.

परत प्रयोगशाळेत. नाव पुसायला घेतलं. खाला हात धरून ओढत होती, नको, पोरी, आता त्या ओळीत तू आहेस, नाव पुसलंस तर बिननावाची तू — ऐकलं नाही. पुसलं. ओळ रिकामी.

तीच दुपार. जिन्यात

शेजारीण वरून खाली आली. माझ्याकडे बघितलं, कोण हवंय विचारलं. मला —

दार वाजवलं. बाबांनी विचारलं, कोण. तोंड उघडलं. नाव आलंच नाही. म्हटलं, मी.

दुसऱ्यांदा. कोण? मी, बाबा, मी. ते म्हणाले, मी तर कुणीही असतो.

वहीत आहे. पहिल्या पानावर मीच लिहिलंय, वाचून सांगते —

पान कोरं आहे.

आत शोरब्याचा वास. बाबा कुणालातरी हाक मारताहेत, माझ्या — ती हाक ऐकू येते, शब्द कळत नाही. त्यांचा चमचा वाडग्यावर वाजतोय. मग थांबला. बाबा म्हणाले, अगं, हात सोड, दुखतंय.

एकदाच उरलंय. तिसऱ्यांदा वाजवते. बाबा, मी आहे, मी, तुमची