इर्जिक आणि खिचडी

तीर्थरूप मालनआत्या,

सोमनाथचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात, प्रत्यक्षात कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसलोय.) तुझा गुडघा काय म्हणतो? दिंडोरीकडे द्राक्षाचा माल यंदा गोड उतरलाय असं ऐकलं, बरं वाटलं.

मुलांच्या प्रोजेक्टच्या टीम एकोप्याने चालवायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. माझी टीम तिघांची : निकिता, कुंदन आणि राज. वेलींच्या ओळींतून द्राक्षांचे क्रेट वाहणारी हातगाडी बनवायची आणि शनिवारी परीक्षकांपुढे चालवून दाखवायची. नाहीतर तिघेही नापास, आणि त्यांच्यामागून मीही! एकोपा असा, की निकिताने सांगाडा केला, कुंदनने द्वारका चौकातून चाकं आणली, आणि चाकं सांगाड्यात मावेनात. चूक कोणाची यावरून दोघं भांडली. राजने कोणाचीच बाजू घेतली नाही, म्हणून दोघंही त्याच्यावर रुसली.

तेव्हा मला आपल्या गावची इर्जिक आठवली. ज्याचं काम त्याच्या घरी सगळ्यांनी राबायचं, आणि त्याने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. लगेच कोणत्या दिवशी कोणाच्या घरी काम, ते फळ्यावर वाटून दिलं. कुंदनच्या आईने मटण-भाकरी केली. निकिताच्या आईला मागे राहवेना, तिने मांडे केले. आत्या, मांडे खाऊन कोणी वेल्डिंग करतं का? (मी स्वतः सतरंजीवर घोरत होतो, त्यांना काय बोलणार?) रुसवे मात्र तिथेच विरघळले.

राजची आई पेठला माहेरी गेलेली. त्याने हौसेने स्वतः खिचडी लावली. करपल्याचा वास सुटला तसा कुंदन उठला. "सर, खिचडी लय भारी हाय, पण आधी चाकं बसवून घेऊ." निकिता म्हणाली, "मला तर भूकच नाय." पातेलं निवेपर्यंत सांगाडा कापून, जोडून, गाडी तयार! तिघं एकमेकांना तिच्यात बसवून अंगणभर ढकलत होती. इतका आनंद मला स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता.

सर्वांना नमस्कार, लहानांना पापा.

तुझा,
सोमनाथ

ता. क. : गाडी धावते, थांबत नाही. ब्रेक राहिलाय. तो शुक्रवारी तुझ्या बागेतच बसवू म्हणतो. आम्ही चौघे सकाळीच येतोय, जेवण इर्जिकीच्या रीतीने तुझ्याकडे.

दुसरा ता. क. : मायेपोटी तू पुरण शिजवायला घेशील, ठाऊक आहे. पाया पडतो आत्या, ब्रेक बसायला हवा असेल तर त्या दिवशी चुलीकडे फिरकू नकोस. स्वयंपाक आतोबांना करू दे.