डाव्या बाजूचा उजेड

बरखेडा, भोपाळ
४ जानेवारी १९८२

चि. निर्मलास बाबांचा जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद.

आम्ही खुशाल. आनंदाची बातमी अशी की सहा वर्षं पहाटे विहारात ध्यानाला बसलो, त्याचं फळ दिसू लागलंय. आधी पोटातून काहीतरी वर चढतं, जळक्या रबराचा वास येतो आणि मग डाव्या बाजूला उजेड. काय सांगू पोरी, सगळ्या जगाचं भलं व्हावं असं भरून येतं! ध्यानातला उजेड ग्रंथांत सांगितलाय, तो हाच. विहारातली माणसं आता मला वाकून वंदन करतात. तुझी आई मात्र थट्टा करते की ध्यानात बासुंदी खाता काय, सारख्या मिटक्या मारता.

परवा तर कारखान्यात क्रेनवर बसल्याबसल्या तो आला. न बोलावता!

लोभ आहेच, पत्रंही वाढव.
तुझे बाबा

नागपूर, ९ जानेवारी

आदरणीय बाबांना निर्मलाचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसले. बाबा, इथे इस्पितळात मी रोज माणसांच्या डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढते. जळका वास, पोटातून चढणारं काहीतरी, उजेड, मिटक्या, हे सगळं मी पेशंटांकडून ऐकलंय. ही फिट असते. हातपाय झाडले तरच फिट, असं नाही. दोन मिनिटं माणूस जागा दिसतो, पण हजर नसतो.

आणि तुम्ही चाळीस फुटांवर! खाली शिट्टीनं इशारे देत तुमचे जोडीदार अनंतकाका उभे. आजच्या आज क्रेन सोडा, डॉक्टरांना दाखवा. तारेनं कळवा.

आईला नमस्कार. माया आहेच, ती रागात बुडवू नका.
तुमची निर्मला

बरखेडा, १४ जानेवारी

चि. निर्मलास आशीर्वाद.

तार केली नाही, एवढं सगळं तारेत मावलं नसतं. देव नदीत सोडले, अंगारे-धुपारे सोडले, बुद्धीला पटतो म्हणून हा धम्म घेतला. आणि आता तूच त्याच्या फळाला रोग म्हणतेस? विहारात काय सांगू, नारायणराव पोहोचलेला नाही, आजारी आहे? बावीस वर्षं क्रेन चालवतोय, कुणाला ओरखडा नाही. आईला तुझं पत्र दाखवलेलं नाही.

खरं सांगू? भीती मलाही वाटते. तू गोळ्या देशील आणि उजेड जाईल, याची.

तुझे बाबा

नागपूर, १९ जानेवारी

आदरणीय बाबांना सविनय जयभीम.

ग्रंथात आहे म्हणून मानू नको, गुरू सांगतो म्हणून मानू नको, स्वतः येऊन पाहा, हे मला कुणी शिकवलं? मग या ना, पाहा. आलेख चांगला निघाला तर विहारात सगळ्यांसमोर माफी मागीन. तोवर क्रेनवर चढू नका. पाया पडते तुमच्या.

निर्मला

बरखेडा, २८ जानेवारी

चि. निर्मलास.

शनिवारी आलेलं तुझं पत्र न फोडताच खिशात घातलं आणि सोमवारी क्रेनवर चढलो. हुकाला बारा टनांचा सांगाडा होता. वास आला, मग उजेड. इतका मोठा कधीच आला नव्हता. खालच्या प्रत्येक माणसावर माया दाटून आली.

भानावर आलो तर शिट्ट्या आणि आरडाओरडा. माझा हात दांडीवरच होता. अनंता भिंतीला चिकटून उभा, सांगाडा त्याच्या छातीपासून हातभर. कुणीतरी मेन स्विच पाडला म्हणून वाचला. तो म्हणतो, मी जीव तोडून ओरडत होतो आणि तू वरून माझ्याकडे बघून हसत होतास.

मी हसत होतो, निर्मले.

उतरलो आणि क्रेनची किल्ली कायमची परत दिली. जिन्यावर बसून तुझं पत्र वाचलं. विहारात उभं राहून सगळं सांगितलं. आईलाही. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात. आलेख तू स्वतः काढ, पुढच्या रविवारी, ७ तारखेला, आम्ही दोघं निघतोय, स्टेशनावर ये.

ध्यानाला बसतो अजून. अनंता स्वतःहून शेजारी येऊन बसतो, मिटक्या मारल्या तर हलवायला. आज उजेड नव्हता, वासही नव्हता. नुसतंच भरून आलं, सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून. आणि मी दचकून डोळे उघडले, अनंता धड आहे ना ते पाहायला.

तुझे बाबा